स्वेटर काढून बघा

डिसेंबर उजाडला की आमच्या दवाखान्यातला एक बाक कपड्यांनीच भरून जातो. पूर्वी तपासणीच्या टेबलाशेजारी मी एक खुर्ची ठेवत असे. आता बाक ठेवला आहे, कारण लहान बाळांच्या अंगावरून निघालेले कपडे खुर्चीवर मावत नाहीत.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. वेळ दुपारी बाराची, बाहेर लख्ख ऊन. एका आजींच्या मांडीवर गाठोडे होते आणि गाठोड्याच्या एका टोकाला नाक दिसत होते. पाच महिन्यांचे बाळ. मी एकेक कपडा उतरवायला सुरुवात केली. वर गोधडी, गोधडीच्या आत शाल, शालीच्या आत दुकानातला फरचा कोट, मग आजींनी विणलेला स्वेटर, मग बिनबाह्यांचा आणखी एक स्वेटर, मग थर्मल, मग झबले. डोक्याला टोपडे आणि टोपड्यावर माकडटोपी. पायांत दोन-दोन मोजे. सगळे निघाल्यावर बाळाच्या मानेच्या वळ्यांत आणि पाठभर घामोळे उठलेले दिसले. डिसेंबरात घामोळे!

"डॉक्टरीणबाई, दोन दिवस झाले सारखं किरकिरतंय, झोपत नाही. थंडी बाधली असंल," आजी म्हणाल्या.

थंडी बाधलेली नव्हती. बाळ उकडून हैराण झाले होते. पंख्याशिवाय, नुसत्या झबल्यावर पंधरा मिनिटे पडून राहिले तेवढ्यात ते खुदकन हसले आणि आजींच्या बांगडीशी खेळू लागले. औषधाची चिठ्ठी मी लिहिलीच नाही. तपासणी फी घेतली, आणि फी देऊन औषध न मिळाल्याबद्दल आजी थोड्या नाराजही झाल्या, हे कबूल करते.

मी त्या आजींना हसले नाही, वाचकांनीही हसू नये. हिवाळ्यात पाळण्यातली लेकरे गमावलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची थंडीची भीती आयती आलेली नाही. आमचा भागही थंडीचाच. निफाडचा पारा किती उतरला हे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते, द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात. तेव्हा लेकराला उबदार ठेवले पाहिजे यात वादच नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. आपण लेकराला त्याच्या अंगाकडे बघून कपडे घालत नाही, आपल्या भीतीकडे बघून घालतो. आणि एकदा घातले की काढून बघत नाही. या दुसऱ्या चुकीची किंमत फार मोठी असते. ती मी माझ्याच चुकीवरून शिकले. ते पुढे सांगते.

आधी साधा हिशेब. आपल्याकडच्या हिवाळ्यात पहाटे आठ-दहा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा खेळ असतो. पहाटे सहाला चढवलेले कपडे दुपारी बारालाही तसेच अंगावर असतील तर ते चुकीचेच ठरणार. म्हणून एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. दोन कपड्यांच्या मध्ये जी हवा अडकते तीच ऊब धरून ठेवते. ऊन चढेल तसा वरचा एक कपडा काढता येतो, संध्याकाळी पुन्हा घालता येतो. अंगालगत सुती झबले, त्यावर लोकरीचे किंवा होजिअरीचे. लोकर थेट कातडीला लावली तर बऱ्याच बाळांना खाज सुटते, आणि मग 'अंगावर काहीतरी उठलंय' म्हणून आमच्याकडे फेरी होते.

किती कपडे? महिना-दोन महिने ओलांडलेले, नीट वजन असलेले, दूध पिणारे बाळ असेल तर तुम्ही स्वतः जेवढे घातले आहे त्याहून एक अधिक. एवढेच. तुम्ही साडी-पोलक्यावर बसला आहात आणि बाळ पाच थरांत आहे, असे असेल तर दोघांपैकी एकाचे काहीतरी चुकते आहे.

आणि थंडी वाजते की नाही हे हाताच्या पंजाला हात लावून ठरवू नका. थंडीत शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा थोडा कमी करते आणि पोटाकडे राखून ठेवते. त्यामुळे खेळत्या, धडधाकट बाळाचे पंजे गार लागणे नेहमीचेच आहे. मानेमागून झबल्यात दोन बोटे घालून पाठ बघा, किंवा छातीला हात लावा. तिथे कोमट लागले तर बाळ ठीक आहे. घामेजलेले लागले तर एक कपडा काढा. गार लागले तर एक घाला. मोठ्या बाळाला घरात झोपताना टोपी नको. जास्तीची उष्णता ते डोक्यावाटेच बाहेर टाकते. शिवाय टोपी घसरून नाकातोंडावर येते ते वेगळेच. गोधडीही छातीच्या वर नको.

आता 'थंडी लागली म्हणून सर्दी झाली' याविषयी. पूर्वी मी छातीठोकपणे सांगत असे की सर्दी विषाणूंनी होते, थंडीचा तिच्याशी काही संबंध नाही. आज तितक्या जोराने सांगत नाही. सर्दीचे काही विषाणू नाक गार असताना अधिक जोमाने वाढतात, असे अलीकडच्या काही वर्षांतल्या संशोधनात दिसले आहे. तेव्हा आजीबाईंच्या म्हणण्यात थोडेसे तथ्य निघाले, हे मान्य करायला हवे. पण विषाणू मुळात येतो तो माणसाकडून. दारे-खिडक्या बंद, एका खोलीत आठ माणसे, त्यातल्या दोघांना खोकला आणि जो तो बाळाचा मुका घेतो आहे. अशा घरात बाळाला सात स्वेटर घातले तरी सर्दी व्हायची ती होणारच. सर्दी झालेल्या मामाला बाळापासून चार हात लांब बसवणे हे स्वेटरापेक्षा अधिक कामाचे आहे. मामाला राग येतो, येऊ द्यावा.

आता माझ्या चुकीची गोष्ट. २००३ सालचा जानेवारी. बाजाराचा दिवस होता, दवाखाना आजूबाजूच्या गावांतल्या माणसांनी भरून वाहत होता. नऊ महिन्यांचा एक मुलगा खोकला आणि थोडा ताप म्हणून आला. आईने त्याला जाड स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, वर शाल असे गुंडाळले होते. कपडे काढायला सांगावे तर मागे रांग, आणि आई म्हणाली, "बाई, बाहेर लई गार आहे." मी स्वेटरची वरची दोन बटणे काढली, स्टेथोस्कोप आत सरकवला, मुलगा रडत होता, त्या रडण्यात जे ऐकू आले ते ऐकले, आणि खोकल्याचे व तापाचे औषध लिहून दिले. सगळे मिळून तीन मिनिटे.

रात्री दीड वाजता दार वाजले. या वेळी मुलगा रडत नव्हता. कण्हत होता, आणि ओठ निळसर पडले होते. मी सगळे कपडे काढले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात होता. मिनिटाला श्वास मोजले, ७२. दवाखान्यात होता तेवढा ऑक्सिजन लावला, जीप मिळवली आणि मी स्वतः त्यांच्याबरोबर नाशिकला गेले. वाटेत त्याची आई मला म्हणाली, "बाई, सकाळपास्नंच त्याचं पोट असं उडत होतं. मला वाटलं, तुम्ही पाह्यलं असंल."

मी पाहिले नव्हते. दोन स्वेटरांच्या खाली होते ते.

अकरा दिवसांनी मुलगा घरी आला. वाचला. यात माझे काही श्रेय नाही. आईने रात्री पुन्हा यायचे धाडस केले आणि जीप मिळाली, म्हणून वाचला. त्या दिवसापासून खोकल्याचे मूल छाती उघडी केल्याशिवाय मी तपासत नाही, मग मागे कितीही रांग असो. आणि आईवडिलांना माझे सांगणे आहे की तुमचा डॉक्टर स्वेटरावरूनच तपासू लागला तर तुम्ही स्वतः बटणे काढा. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे वाचून आवडणार नाही, पण रांग मोठी असली की आम्ही सगळेच घाई करतो.

हे पाहणे घरीही जमते, अगदी सहज जमते. खोकला किंवा ताप असलेले मूल शांत असताना, झोपेत असेल तर उत्तमच, त्याचा स्वेटर वर करा आणि छाती-पोट उघडे ठेवा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर आकडा पुन्हा एकदा मोजून बघावा आणि तेवढाच भरला तर लगेच निघावे. आणि आकडा काहीही असो, श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल कण्हत असेल, पाजायला घेतले तरी पीत नसेल, गळून पडले असेल, तर सकाळची वाट बघू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत, माझ्या मनाचे नाहीत. आणि 'आम्हा अडाणी बायांना काय मोजता येणार' असे कोणी म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या माणसांना श्वास मोजायला शिकवले. मोजणीत चूक होऊ नये म्हणून मण्यांचे एक साधे साधनही तयार केले. गावातल्या गावात न्यूमोनिया ओळखून औषध दिले तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांच्या कामातून दिसले आणि १९९० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या माणसांना जे जमले ते दहावी-बारावी झालेल्या आपल्या सुनांना जमणार नाही काय? फक्त स्वेटर वर करायची तयारी हवी.

न्यूमोनियाची एक लसही सरकारी लसीकरणात मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. आपल्या बाळाच्या कार्डावर ती लागलेली आहे का, हे आज घरी गेल्यावर बघावे.

तापात गुंडाळण्याविषयी थोडेसेच. 'घाम आला की ताप उतरतो' म्हणून तापलेल्या मुलाला दोन गोधड्यांत कोंडणे बंद करा. हुडहुडी भरली असेल तर पातळसे पांघरूण द्या, हुडहुडी थांबली की काढा. मात्र एक सावधगिरी. अति गुंडाळल्यानेही तान्ह्या बाळाचे अंग तापते हे खरे, तरी तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचे अंग गरम लागले तर 'कपड्यांमुळेच असेल' असे घरी ठरवू नये. कपडे कमी करावेत आणि थर्मामीटर लावावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवला तर तडक डॉक्टर गाठावा. इतक्या लहान बाळाचा ताप अंगावर काढायचा नसतो.

इथवर कपडे कमी करा म्हणून सांगितले. पण एका बाळाच्या बाबतीत मी याच्या अगदी उलट सांगणार आहे. ते म्हणजे नुकतेच जन्मलेले बाळ, त्यातही कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले. त्याला थंडी खरोखर मारते.

दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उसाच्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात, आणि पहाटेच्या अंधारात बाया-माणसे फडावर जातात. बरीच वर्षे झाली, जानेवारीतल्या एका सकाळी एक बाई चार दिवसांचे बाळ घेऊन आली. दोन किलोच्या आतले असेल. "रडत न्हाई, अंगावर पेत न्हाई," एवढेच म्हणाली. बाळ जुन्या लुगड्याच्या तीन पदरांत, वर वाकळेत बांधलेले होते. मी हात लावला. पाय गार, आणि पोटही गार. थर्मामीटर लावला तर पारा हललाच नाही. साधा थर्मामीटर ३५ अंशांच्या खालचे दाखवतच नाही. आतले फडके ओले होते. पहाटे आंघोळ घातली होती आणि नंतर लघवीने पुन्हा भिजले होते.

त्या बाईने तिच्याजवळ होते नव्हते तेवढे पांघरूण बाळाला घातले होते. तिला मी काय बोलणार? पण एक गोष्ट आपण सगळेच विसरतो. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आतली ऊब धरून ठेवते. आत ऊबच नसेल तर ती काय धरणार? गार पडलेले बाळ कितीही गुंडाळा, ते गारच राहते. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, त्या कुडकुडण्याने अंगात उष्णता तयार होते. नवजात बाळाला कुडकुडताच येत नाही. त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती एक वेगळ्या प्रकारची चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळवते. आधी जन्मलेल्या, वजन कमी असलेल्या बाळाजवळ ती शिदोरीच थोडी असते. ती संपली की बाळ मलूल होते, पिणे सोडते, आणि पिणे सोडले की आणखी गार पडते.

मी बाळ तिच्या उघड्या छातीला लावून वर शाल बांधली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिसऱ्या दिवशी ते गेल्याचे मुकादमाकडून कळले. त्याच्या आधीच ती बाई फडावर परत कामाला लागली होती.

छातीला लावले ते काही नवे नव्हते. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रे यांनी हा उपाय सुरू केला, कारण त्यांच्या रुग्णालयात कमी वजनाची बाळे फार आणि ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या थोड्या. कांगारूसारखे पिल्लू पोटाशी धरायचे, म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. बाळाला आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, कातडीला कातडी लावून ठेवायचे, मान एका बाजूला वळवून नाक मोकळे ठेवायचे, आणि वरून पदराने किंवा शालीने दोघांना मिळून बांधायचे. आईचे अंग हीच शेगडी. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलो ते १७९९ ग्रॅम वजनाची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या अंगाला लावून ठेवली तेव्हा महिन्याभरात शंभरातली १२ गेली. प्रकृती स्थिर होण्याची वाट बघून मग लावली तेव्हा जवळजवळ १६. रुग्णालयातली इतर काळजी दोन्हीकडे होतीच. फरक पडला तो मुख्यतः अंगाला अंग लागण्याने.

हे वडिलांनाही करता येते, आजीलाही येते. एका तरुण बापाला मी सदरा काढून बसायला सांगितले तर तो लाजून लाल झाला. पण दोन तास बसला. बाळ झोपले, बापही झोपला.

नवजात बाळाचे पाय मात्र जरूर बघा. मोठ्या बाळाचे पंजे गार असले तरी चालते असे वर लिहिले, ते याला लागू नाही. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असले तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे. जन्मल्यावर निदान एक दिवस आंघोळ नको, वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नको, कोरड्या मऊ फडक्याने पुसले की पुरे. ओले लंगोट, ओले दुपटे तत्काळ बदलावे, रात्रीसुद्धा. या बाळाला टोपी हवीच. त्याच्या डोक्याचा आकार अंगाच्या मानाने फार मोठा असतो आणि ऊब तिथूनच जाते. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याजवळ थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. चहा पाजून त्यांना वाटेला लावू नका, बाळ उघडून दाखवा.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीवर मी अनेकदा बोलले आहे, पुन्हा सांगते. दार-खिडकी बंद करून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस झोपेतच जातो. आंघोळीनंतर ओवा-धूप टाकून बाळाला धुरी देतात तीही बंद करावी. ज्या छातीला सर्दीपासून जपायचे त्याच छातीत आपण धूर भरतो. तेल लावून मालिश करा, उन्हात कोवळ्या अंगाने खेळवा, त्याला माझी काही हरकत नाही. गरम पाण्याची बाटली मात्र बाळाच्या अंगाला लावू नका. भाजलेल्या मांड्या मी पाहिल्या आहेत.

मोटारसायकलचे एक राहिले. घरात सात कपडे घालणारा बाप त्याच लेकराला पहाटे टाकीवर पुढे बसवून शेतात किंवा तालुक्याला नेतो. हवा दहा अंश असेल आणि गाडी ताशी चाळीसने चालली असेल तर उघड्या गालाला ती सहा अंशांसारखी झोंबते. वारा अडवणारा एक पातळ जाकीट लोकरीच्या दोन स्वेटरांपेक्षा इथे कामाचा. आणि मूल पुढे नको, दोघांच्या मध्ये हवे. मफलर गळ्यात बांधून शेवट मोकळा सोडू नका. चाकात अडकतो. पाळण्यात तर मफलर नकोच, नाडीची टोपीही नको.

शेवटी शाळांविषयी, कारण मागच्या लेखानंतर तीन पालकांनी भेटून हे लिहायला सांगितले. काही शाळांत ठराविक रंगाचाच स्वेटर चालतो. तो ठराविक दुकानात मिळतो, आणि ज्याला परवडत नाही ते मूल नुसत्या सदऱ्यावर प्रार्थनेला कुडकुडत उभे राहते. घरी निळा स्वेटर आहे, पण शाळेचा मरून आहे! मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की मार्चपर्यंत स्वेटरच्या रंगाकडे बघू नये. २०२४ साली राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने बालवर्ग ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे परिपत्रक काढले. कारण मुलांच्या झोपेचे दिले होते, थंडीलाही ते लागू पडते. तरी सव्वासातला चिमुरड्यांनी भरलेल्या रिक्षा आमच्या दारावरून जाताना मला दिसतात. त्यांचे पालक मला ओळखतात आणि मान दुसरीकडे वळवतात.

गेल्या हिवाळ्याप्रमाणे याही वर्षी टोळ्यांवरच्या मुलांसाठी दवाखान्यात जुने स्वेटर जमा करत आहोत. धुऊन, बटणे लावून आणावेत. मोठ्या मुलांचे भरपूर आले आहेत, आता नकोत. कमी पडतात त्या नवजात बाळांच्या टोप्या. ज्या आजींना विणता येते त्यांनी मऊ लोकरीच्या, ३२ ते ३५ सेंटिमीटर घेराच्या, मोसंबीपेक्षा मोठ्या आणि नारळापेक्षा लहान डोक्याला बसतील अशा विणाव्यात. गोंडा लावू नये, नाडी लावू नये. पहिल्या परिच्छेदानंतर ज्यांची गोष्ट सांगितली त्या आजींनी चार आणून दिल्या आहेत. चारही गोंड्याच्या होत्या, गोंडे आम्ही कापले.